दोन्ही हात सारखे चालणारा माणूस

तुमच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी लोंबते, हे तुम्ही कधी आरशात पाहिलं आहे का? आता पाहा. भुवया नाकावर येऊन एकमेकींना मिळतात का, तेही पाहून घ्या. मग डाव्या हातानं सुईत दोरा ओवा. ओवता आला तर तुम्हाला दोन गुण. असे पंचवीस गुण झाले की आमच्या सरांच्या तक्त्यात माणूस ‘गुन्हेगारी प्रवृत्तीचा’ ठरायचा. मी हे गुण नागपुरातल्या घराघरांत जाऊन गोळा केले आहेत. हौसेनं केले आहेत. म्हणून सांगायचा हक्क माझा आहे.

माझ्या वडिलांचा छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, छपाईच्या खिळ्यांच्या चार केसा म्हणजे खणाखणांच्या पेट्या, आणि भिंतीला पाठ लावून रचलेले कागदांचे गठ्ठे. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं मनासाठी, असा त्यांचा हिशेब. सुताच्या भावावर पत्रक, भाडेवाढीवर पत्रक, नळाला पाणी नाही म्हणून पत्रक. मी अक्षरं शिकले ती शिशाच्या खिळ्यांवरून, उलटी. शाळेत गेले तेव्हा पाटीवरची सुलटी अक्षरं मला चुकीची वाटायची. जगात जे काही वाईट आहे ते अर्ध्या कागदावर नीट मांडून हजार प्रती वाटल्या की सुधारतं, यावर माझा विश्वास होता.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं. सर हळू आवाजात बोलायचे. त्यांच्याकडे विलायती मासिकांचे गठ्ठे होते. शंभर वर्षांपूर्वी इटलीतल्या एका तुरुंगाच्या डॉक्टरनं चोराची कवटी उघडून पाहिली आणि त्याला त्यात रानटी जनावराची खूण सापडली, ही गोष्ट ते असं सांगायचे, जणू त्या टेबलापाशी स्वतः दिवा धरून उभे होते. मग ग्रंथींचं शास्त्र आलं. मग पेशीतल्या जादा पुरुषी गुणसूत्राचं आलं. प्रत्येक वेळी आधीचं खोटं ठरलं, आणि प्रत्येक वेळी चोर मात्र जन्मजातच राहिला.

मी वर्गात उभी राहिले. म्हटलं, “सर, गुन्हेगार जन्माला येत नाही. त्याला भूक घडवते, मार घडवतो, परिस्थिती घडवते.”

मुलं बाकं वाजवू लागली. सर हसले. म्हणाले, “छान. मग आपण दोन्ही मोजू. पहिलं पान माझं, दुसरं तुम्ही तयार करा.”

मी तीन दिवस बसून दुसरं पान तयार केलं. बाप दारू पितो का, दोन गुण. लहानपणी मारझोड, दोन गुण. घरात उपास घडतो का, एक गुण. बंद पडलेला धंदा, एक गुण. घरात कोणी तुरुंगात गेलं आहे का, तीन गुण. सरांच्या पानावर शरीराचे गुण होते, माझ्या पानावर गरिबीचे. दोन्हींची बेरीज एकाच चौकटीत व्हायची. ती चौकट पाहून मला शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला. माझा विचार शास्त्रात शिरला, असं मी घरी सांगितलं.

मोजायला घरं कुठली घ्यायची, तर मी विणकरांची वस्ती सुचवली. सुताच्या पत्रकांमुळे तिथं माझी ओळख होती. लोक दार उघडायचे, बसायला पोतं टाकायचे. त्यातलं एक घर होतं मायलेकाचं. माग घरातच, जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर उभा, पण वर्षभर बंद. खड्ड्यात आता सरपण ठेवलेलं. मुलगा अठ्ठावीस-तीसचा, बारीक अंगाचा, लकडगंजात आरामशीनवर लाकूड कापायला जायचा. बोलायचा कमी. आई त्याच्या वाटचंही बोलायची.

त्या घरी सर स्वतः आले. त्यांच्या पिशवीत पितळी माप होतं, मोठ्या चिमट्यासारखं, दोन वाकडे पाय असलेलं. ते त्यांनी मुलाच्या कपाळाला लावलं, मग कानामागून कानामागे. आई दारात बसून बघत होती.

“टोपी शिवून राहिले का गा साहेब पोट्ट्याले?” तिनं विचारलं. “डोक्शाचं माप कायले घेता मग?”

शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी सुई काढली, मुलाच्या बोटाच्या टोकाला लावली आणि म्हणाले, “दुखेल तेव्हा सांगा.”

थोडा वेळ गेला. मुलानं विचारलं, “टोचनार कवा?”

“टोचून झाली,” सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. माझ्याकडे वळून म्हणाले, “लिहा. वेदनेची जाणीव जवळजवळ शून्य. मासिकांत वाचतो ते हेच.”

लहानपणापासून सूत ओढलेली आणि नंतर सागाच्या फळ्या उचललेली बोटं होती ती. कातडी टाचेसारखी झालेली. मला ते दिसत होतं. मी लिहिलं, शून्य.

मग सुईत दोरा ओवायचा. त्यानं उजव्या हातानं ओवला, डाव्या हातानंही ओवला. सरांना बरं वाटावं म्हणून म्हणाला, “दोनी हातानं येते साहेब. धोटा इकडून फेका का तिकडून, हाताले सारखंच. आमच्यात समद्याइले येते.”

मागावर आडवं सूत नेणारा धोटा दिवसभर फेकणाऱ्या माणसाला डावं-उजवं राहत नाही, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण तक्त्यात त्या वाक्याला जागा नव्हती. तक्त्यात एवढंच होतं: दोन्ही हात सारखे चालणं, मेंदूच्या असमतोलाची खूण, गुण दोन. मी दोन लिहिले.

सर गेल्यावर दुसरं पान मी एकटीनं भरलं. आईनं चहा टाकला आणि सगळं सांगितलं. नवरा प्यायचा, मारायचा. सासऱ्याला इंग्रजांनी कुठल्याशा दंग्यात सहा महिने आत ठेवलं होतं. आणि मुलगा सात वर्षांचा असताना बापानं मारलं म्हणून त्यानं भर दुपारी कात्री घेऊन मागावरचा अख्खा ताणा, सगळे उभे धागे, कापून टाकला होता. पंधरा दिवसांची मेहनत.

“बाप रडला वं माय,” ती हसत म्हणाली. “मारून मारून थकला अन् मंग रडत बसला. हा खड्ड्यात लपून बसला होता. मी त्याले तिथंच भाकर देल्ली.”

मुलगा लाजून खाली बघत होता. मी लिहिलं: बालपणी विध्वंसक कृत्य, कापडाबद्दल राग. सत्तावीस गुण झाले. आमच्या सगळ्या घरांत सगळ्यात जास्त.

दिवाळीच्या आधी इतवारीत कापडाच्या दोन गोदामांत चोरी झाली. चोर छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, काढून आत उतरला होता. एका कवेलूवर रक्त होतं. ठाण्यातले साहेब सरांच्या ओळखीचे. ते एके दिवशी विभागात आले आणि खुर्ची उलटी फिरवून बसले.

“सर, तुमच्या शास्त्रात चोराचा फोटो निघतो म्हणे,” ते म्हणाले. “आमचे कुत्रे तर बाजारात जाऊन जिलबीच्या दुकानासमोर बसून राहिले.”

सरांनी दोन दिवस घेतले आणि एक पान लिहिलं. त्याची चांगल्या अक्षरातली प्रत मी केली. वय पंचवीस ते तीस. अंग बारीक, कारण छपरातली फट अरुंद. दोन्ही हातांत सारखं बळ, कारण कवेलू दोन्ही बाजूंनी उचललेले. वेदनेची जाणीव कमी, कारण हात कापूनही चोरी पुरी केली. मितभाषी. बाप मारझोड करणारा. कापडाबद्दल लहानपणापासून आकस.

साहेबांनी ते वाचलं. “यात समदंच आहे की. फक्त नाव नाही.”

“नाव आमच्या कपाटात आहे,” सर म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उठले, कपाट उघडलं आणि फाइल काढून दिली. कोणी धमकी दिली नाही. कोणी आग्रहही केला नाही. आपण केलेलं काम कोणाच्या तरी उपयोगी पडतं आहे, एवढंच त्या क्षणी मनात होतं. हे मी बऱ्याच वेळा वेगळ्या तऱ्हेनं आठवून पाहिलं. दर वेळी मीच उठते आणि मीच कपाट उघडते.

त्याला आरामशीनवरून उचललं. दुसऱ्या दिवशी त्याची आई मला घेऊन ठाण्यात गेली. तिला वाटत होतं, मी शिकलेली आहे, मी सांगितलं की सोडतील. आम्ही बाकावर बसलो. आतून आवाज येत होता, पट्ट्याचा. माणसाचा आवाज नव्हता. हवालदार बाहेर येऊन घाम पुसत दुसऱ्याला म्हणाला, “याले दुखतच नाई म्हने. लिहून हाय कागदावर. साहेब म्हनते, मंग जरा जास्त लागन.”

दुसरा म्हणाला, “शून्य हाय ना गा? शून्यापासून सुरू कर अन् मोजत जाय.”

ते हसले. आई माझ्याकडे बघत होती. तिला त्या शून्याचा अर्थ समजला नव्हता. मी सांगितला नाही.

मी घरी गेले आणि मला जे येत होतं ते केलं. पत्रक लिहिलं. ‘हा चोर कोणी घडवला?’ असं मथळ्याला मोठ्या खिळ्यांत. वडिलांनी एका बैठकीत जुळवलं. मी लिहिलं होतं, या तरुणाच्या आजोबाला परक्या सरकारनं कोंडलं, बापाला दारूनं खाल्लं, मागाला गिरणीनं मारलं. ज्या समाजानं त्याच्या हातातला धोटा काढून घेतला, त्यानंच त्याच्या हातात कवेलू दिलं. मग आरोपी कोण? तो की तुम्ही?

हजार प्रती. विणकरांच्या वस्तीत, इतवारीत, लकडगंजातल्या आरामशीनींच्या फाटकांवर मी स्वतः वाटल्या. लोकांनी थांबून वाचल्या. वडिलांचे मित्र म्हणाले, पोरीच्या हातात धार आहे. एका वकिलानं पाठ थोपटली. त्याच आठवड्यात जामिनाच्या वेळी सरकारी वकिलानं तेच पत्रक वर धरलं आणि म्हटलं, आरोपीच्या बाजूचे लोकसुद्धा चोरी नाकारत नाहीत, फक्त कारण सांगतात. जामीन मिळाला नाही.

तो तीन महिने आत राहिला. माल सापडला नाही. त्याच्या हातावर कवेलूनं कापल्याची खूण सापडली नाही, जिथं पाहावं तिथं आरामशीनच्या जुन्या खुणाच होत्या. साक्षीदार नव्हता. पुराव्याअभावी तो सुटला.

सुटल्यावर चौथ्या दिवशी तो छापखान्यात आला. डावा पाय ओढत होता. खिशातून घडी घातलेलं पत्रक काढून त्यानं खिळ्यांच्या केसेवर ठेवलं. घड्यांवर कागद फाटायला आला होता.

“ताई, मले वाचता येते थोडंसंक,” तो म्हणाला. “आत एका मास्तरकडून तीन डाव वाचून घेतलं. यात मी चोरी नाई केली असं कुठी लिवलं हाय, थे दाखवा.”

मी बोलायला सुरुवात केली. व्यवस्था, परिस्थिती, मूळ कारण. बोलता बोलता माझा आवाज पत्रकासारखा झाला. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं.

“थे समदं खरं हाय,” तो म्हणाला. “भूक खरी. बाप मारे, थेही खरं. चोरी तेवढी खोटी.”

वडील खिळे जुळवत होते, त्यांचे हात थांबले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “तू लिहिलं. मी अक्षर न् अक्षर जुळवलं. प्रूफ दोनदा पाहिलं. याने केली का, हे दोघांपैकी एकानंही नाही विचारलं.”

त्याला फक्त एक कागद हवा होता. आरामशीनचा मालक म्हणाला होता, ज्यांनी तुले चोर म्हणून छापलं, त्यांच्याकडून लिहून आण, तर कामावर घेतो. मी त्याच दिवशी लिहून दिलं. चार ओळी. याने चोरी केलेली नाही, आमची चूक झाली. चार ओळींना शंभर प्रती पुरे म्हणून शंभर काढल्या. वाटायला गेले तर लोक घेऊन घडी करून खिशात टाकायचे. माणसानं काही केलं नाही, यात वाचण्यासारखं काय असतं? पहिलं पत्रक एकानं दुसऱ्याला दिलं होतं. हे कोणी कोणाला दिलं नाही.

मालकाकडे मी त्याच्यासोबत गेले. मालकानं दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली.

“बाई, हेही तुमचंच, अन् हेही तुमचंच,” तो म्हणाला. “याच्यात गोष्ट लिहिली हाय, आजोबा, बाप, समदं बराबर. याच्यात नुसतं नाई म्हणून लिहिलं. मी कोनतं खरं मानू?” मग त्याच्याकडे वळून, जरा हळू, “माह्या आवारात सागाचे लठ्ठे पडून राहते गा. उद्या एखादा गेला तर लोक मलेच म्हनतीन, वाचूनसुद्धा ठेवला.”

मी सरांकडे गेले. तुमच्या कागदावर चूक आहे, असं ठाण्यात कळवा, म्हटलं. सरांनी चष्मा पुसला.

“तो सुटला याचा अर्थ प्रवृत्ती नाही असा होत नाही. केली असं आपण कधी म्हटलं? करू शकतो, एवढंच म्हटलं. आणि अर्धे गुण तर तुमच्या पानावरचे आहेत.”

या एका बाबतीत ते खोटं बोलले नाहीत. मी एम.ए. सोडलं. मी ते सोडून त्या मुलाचं काही भलं झालं नाही.

नंतर तो अधूनमधून छापखान्यात यायचा. माझ्यावर राग धरून नव्हे. वस्तीत कोणी बसायला पोतं टाकत नव्हतं, इथं स्टूल होतं. एकदा दुपारी वडील जेवायला गेले होते. मी एकटीच जुळवत होते. शाईनं खराब होऊ नये म्हणून घड्याळ काढून केसेच्या कडेला ठेवलेलं. तो आला, स्टुलावर बसला, पाणी मागितलं. माठ मागच्या खोलीत होता. मी उठले, घड्याळ उचललं, मनगटावर बांधलं आणि मग माठाकडे वळले.

आपण काय केलं, हे मला कळलं ते त्याच्या आवाजानं.

“किती वाजले म्हन्ते ताई?”

मी मनगटाकडे पाहिलं आणि वेळ सांगितली. खरंच सांगितली. अडीच वाजून गेले होते.

“असन,” तो म्हणाला. पाणी न पिता गेला. परत आला नाही.

आता तो कळमन्याच्या बाजारात पोती उतरवतो. तिथं नावगाव कोणी विचारत नाही. त्याच्या शेजारणीनं सांगितलं की संध्याकाळी फाटकावर त्याची पिशवी तेवढी उघडून बघतात. इतरांच्या नाही. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हे फाटकावरच्या माणसालाही माहीत नाही. त्याची आई मागच्या उन्हाळ्यात गेली. तिला उचलायला चार माणसं मिळेपर्यंत दुपार झाली.

मी ते घड्याळ का उचललं, याची कारणं मला देता येतील. मी तो विषय शिकले आहे. संस्कार म्हणता येईल, भीती म्हणता येईल, छापखान्यातल्या पोरीच्या घरी एकच घड्याळ होतं असंही म्हणता येईल. सगळी खरी असतील. मी एकही लिहिणार नाही. कारणांचं एक पान मी आयुष्यात तयार केलं, तेवढं पुरे.

तुम्हाला मात्र एक सांगणं आहे, आणि ते वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या मोहल्ल्यातही असं एक घर आहे. कुठलं ते तुम्हाला माहीत आहे, हे वाक्य वाचताना ते डोळ्यांसमोर आलंच असेल. येत्या रविवारी त्या घरातल्या माणसाला आपल्याकडे बोलवा. त्याला बाहेरच्या खोलीत बसवा. काहीही न उचलता, काहीही न झाकता, कुठलाही खण न लावता आत जा. घरच्या मुलाला त्याच्यापाशी राखणीला बसवू नका. दारातून वळून पाहू नका. चहा सावकाश होऊ द्या, नीट उकळू द्या. मग दोन कप घेऊन बाहेर या आणि त्याच्यासमोर बसून प्या.